चतुर्दशीच्या मौनात

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, दुपार

प्रिय श्रेयस,

हे पत्र हातानं लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. पोस्टात टाकलं तर टोरांटोला पोचेपर्यंत तिकडे बर्फ पडायला लागेल, आणि बोलून पाठवलं तर तू ऐकणार नाहीस. रागावू नकोस, आहे ते सांगते. माझे ते बोललेले निरोप चार-चार मिनिटांचे असतात, त्यात कोथिंबिरीचा भावही येतो आणि नळाला पाणी किती वाजता आलं तेही येतं. तुला वेळ नसतो, कळतं मला. पण हे मात्र बसून वाच. गाडीत वाचू नकोस, आणि मोनाला, बायको असली तरी, आत्ताच दाखवू नकोस. आधी तू एकट्यानं वाच.

पुण्याच्या त्या वृद्धांच्या संस्थेचे कागद काल मिळाले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. खोलीचा फोटो छान आहे, खिडकीही मोठी आहे. एक तारखेपासून ती माझी, फक्त माझी सही राहिली आहे, असं तू खाली लिहिलंयस. सहीचं काय करायचं ते मी सांगणार आहे, पण आधी परवाची रात्र माझ्याकडून ऐक. त्या रात्री माझं तोंड बंद होतं आणि जे काय बोलायचं ते तूच बोललास.

माझं चतुर्दशीचं मौन तुला नवीन नाही. अनंत चतुर्दशीला आपलं जैनांचं दशलक्षण पर्व संपतं, तो शेवटचा दिवस पाण्याचा थेंबही न घेता काढायचा आणि सकाळच्या पूजेपासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत बोलायचं नाही. लग्न झाल्यापासून मी हे करते आहे. तुझे बाबा म्हणायचे, उपवास तर कोणीही करेल, अरुणानं गप्प बसणं हेच खरं तप. आणि मग दिवसभर मला बोलती करायचा उद्योग! तुला जवळ बसवून म्हणायचे, श्रेयस, लिहून घे, गडहिंग्लज कर्नाटकात येतं. माझं माहेर! मी आतून नुसती उकळायचे. पाटीवर 'महाराष्ट्र' असं एवढं मोठं लिहून त्यांच्या नाकासमोर धरायचे आणि तुम्ही दोघं पोट धरून हसायचात. एका वर्षी तर पाटीच फुटली. त्या दिवशी न बोलता राहणं म्हणजे केवढं काम होतं रे.

यंदा काहीच काम पडलं नाही. सकाळी बस्तीत देवापुढे पूजा झाली, घरी आले, पाटी शोधून पुसून ठेवली, आणि दिवसभरात तिच्यावर एक अक्षर लिहायची वेळ आली नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. वरचे भाडेकरू मे महिन्यात गेले ते गेलेच. संध्याकाळी दिवा लावताना लक्षात आलं की आदल्या दिवशीही बस्तीतलं येणं-जाणं सोडलं तर मी कोणाशी बोलले नव्हते, आणि त्याच्या आदल्या दिवशीही नाही. मग हे व्रत कसलं? मला हसू आलं आणि नंतर फार वाईट वाटलं. बाबा गेले तेव्हासुद्धा इतकं रिकामं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा माणसं होती घरात.

गल्लीत त्या रात्री चिटपाखरू नव्हतं. विसर्जनाची मिरवणूक म्हटल्यावर कोल्हापूर घरात थांबतंय होय? समोरच्या विठाबाईंच्या घरातलं झाडून सगळं माणूस कुलूप लावून गेलेलं. तू त्यांना फोन केलास म्हणे, पण त्या डीजेत कोणाला ऐकू जाणार. आपल्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पावणेअकराच्या सुमाराला दार वाजलं. आधी वाटलं आवाजानंच हलतंय, पण मग कडी जोरजोरात आपटायला लागली. खिडकीतून पाहिलं तर पोलीस. दोघं. एक पन्नाशीचे हवालदार आणि एक तिशीच्या आतली पोरगी, दोघांच्या अंगावर गुलाल.

दार उघडलं. हवालदारांनी हातातल्या चिठ्ठीकडे बघत विचारलं, श्रेयस चौगुले तुमचा कोण? आणि ते थांबले. चिठ्ठी उजेडात धरून खालची ओळ वाचायला लागले. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला, काच पुसली. अर्धं मिनिट गेलं असेल. श्रेयस, त्या अर्ध्या मिनिटात मी काय काय पाहिलं ते तुला नाही सांगत. रात्रीचे पोलीस दारात येतात आणि तुझं नाव घेतात, मग आईला दुसरं काय सुचणार? मौन-बिवन सगळं विसरले मी. ओरडायला तोंड उघडलं, पण दिवसभर पाणी नव्हतं घशात, आवाजच निघाला नाही. दाराची चौकट धरून खाली बसले.

मग ते म्हणाले, तुमच्या पोराचा कॅनडातनं ठाण्यात फोन आलता, आई तीन तास फोन उचलंना म्हणून. हाईसा न्हवं बऱ्या? बऱ्या! तेव्हा कुठे श्वास आला. पण मी काही बोलेना, नुसती मान हलवतेय आणि डोळ्यांतून पाणी गळतंय, म्हणून ती पोरगी घाबरली. संयोगिता तिचं नाव. ती म्हणाली, पिराजीकाका, मावशींना लकवा मारलाय वाटतं, बोलता येईना त्यांना. आणि गुडघ्यावर बसून मला म्हणते, मावशी, दोन्ही हात वर करा. केले. आता हसून दाखवा. आता या अवस्थेत हसायचं कसं रे? तोंड वाकडंच झालं. झालं, तिनं लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला! मी धडपडत आत जाऊन पाटी आणली आणि 'मौन व्रत आहे' असं लिहून दाखवलं. पिराजी हवालदारांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. आयला, म्हणजे आज्जीला काय बी झालेलं न्हाय की! आमी मिरजकर तिकटीवरचा बंदोबस्त सोडून पळत आलोय न्हवं! मला आज्जी म्हणाले. पन्नाशीचा माणूस! दुसरा कुठला दिवस असता तर ऐकवलं असतं चांगलं.

मग त्यांनी विचारलं की फोन का उचलला नाही. मी पाटीवर लिहिलं, 'फोन आतल्या खोलीत होता, डीजेमुळे ऐकू आला नाही.' त्यांना पटलं. त्यांनी तेच त्यांच्या वहीत उतरवलं.

संयोगितानं तिच्या फोनवरून तुला व्हिडिओ कॉल लावला. तू समोर दिसलास. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि अंगात बाबांचा तो जुना करडा स्वेटर. तू आधी आई, आई, एवढंच म्हणत राहिलास. चौथीत रंकाळ्यावर हरवला होतास तेव्हा असाच आवाज लागला होता तुझा. आणि मग मी धड आहे म्हटल्यावर चढलास. बरोबरच आहे, माणूस घाबरून सुटला की चिडतोच. हे कसलं व्रत, मला सांगायचं तरी, माझं काय झालं असेल इकडे, बस झालं आता, एक तारखेला पुणं, विषय संपला. दोन परके पोलीस माझ्या घरात खाली मान घालून उभे, आणि मी पाटी छातीशी धरून ऐकतेय. एक शब्द बोलले असते तर चाललं असतं. देवानं काही शिक्षा केली नसती. पण तुझ्याशी काय बोलावं तेच सुचेना, म्हणून व्रताच्या आड राहिले.

हवालदार पुढे गेले. ती पोरगी मात्र ॲम्ब्युलन्सला नको म्हणून कळवेपर्यंत थांबली. सकाळी सहापासून उभी होती बिचारी. बूट काढले तर पाय हे एवढे सुजलेले. मी गरम पाण्याची बादली ठेवली, शेंगदाण्याचे दोन लाडू दिले. खाता खाता म्हणाली, एकट्याच असता व्हय मावशी? मी मान हलवली. तिची आई जयसिंगपूरला असते, दिवसातनं आठ-दहा वेळा फोन करते आणि ही ड्युटीवर म्हणून कट करते. आज घरी जाताना लावतो तिला, म्हणाली. तांब्यातलं पाणी पिऊन पाया पडून गेली. ती गेल्यावर मी दार लावलं नाही बराच वेळ. दार उघडं होतं तोपर्यंत माणूस असल्यासारखं वाटत होतं घरात.

तू म्हणालास ना, आई, तू सांगितलंच नाहीस. सांगितलं होतं. शुक्रवारच्या निरोपात, तिसऱ्या मिनिटाला, की उद्या चतुर्दशी, माझं मौन, फोन करू नकोस. तू त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतंस. तू तो निरोप पूर्ण ऐकलाच नव्हतास हे काल लक्षात आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. म्हटलं, चूक त्याची आहे. दिवसभर तेच उराशी धरून बसले. तुझ्या कागदावर खोली का हवी याच्यापुढे तू लिहिलंयस, 'आई एकटी असून आणीबाणीच्या वेळी फोन घेऊ शकत नाही.' त्याच्या खाली मी सही केली की ते खरं ठरतं. आणि तुला आयुष्यभर वाटणार, मी तो निरोप पूर्ण ऐकला असता तर. तू तसाच आहेस, मनात घेऊन बसणारा.

आज क्षमावाणी आहे. दहा दिवसांचं पर्व झाल्यावर आपण ज्याला दुखावलं त्याच्यापुढे हात जोडायचे. सकाळपासून फोनवर क्षमा मागणारी छापील फुलांची तेवीस चित्रं आली, मीही तीच पुढे पाठवली, कोणाला कशाची क्षमा ते न आठवता. तुला पाठवायला घेतलं आणि हात थांबला. म्हणून हे लिहायला बसले. ऐक आता. फोन आतल्या खोलीत नव्हता. माझ्यासमोर टेबलावर होता, उताणा, साडेसातपासून. प्रत्येक वेळी तुझा तो टोपी घातलेला फोटो उजळायचा. मौनात बोलायचं नसतं, लिहायला काही हरकत नसते, हे तुलाही ठाऊक आहे; पोलिसांना पाटीवर लिहून दाखवलंच की. 'मौन' एवढी दोन अक्षरं तुला टाइप केली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. नाही केली. पहिले दोन फोन तसेच जाऊ दिले, म्हटलं, त्याला आठवेल. मग तिसरा आला, मग चौथा, आणि मला बरं वाटायला लागलं रे. रविवारी पाच मिनिटं बोलून घाईनं ठेवणारा माझा मुलगा पुन्हा पुन्हा मलाच लावतोय. प्रत्येक वेळी वाटायचं, आता थांबेल, आणि पुन्हा वाजायचा. एकोणीस वेळा. मी समोर हात बांधून बसून होते, आणि तिकडे तुझा जीव जात होता. दारातल्या त्या अर्ध्या मिनिटानं मला दाखवलं की मी तुला तीन तास कुठे ठेवलं होतं. चतुर्दशीच्या दिवशी पाटीवर खोटं लिहिलं ते देवाला सांगितलं सकाळी, तुला आत्ता सांगते आहे. कागद सही न करता परत पाठवते. पुण्याला जायचं की नाही ते आपण दोघं बोलून ठरवू, तू म्हणशील तर जाईनही, पण त्या रात्रीच्या खोट्यावर नाही. तुझं काही चुकलेलं नाही. मला तुझी फार आठवण येते, हे सरळ सांगायची लाज वाटली आणि मी तुला घाबरवलं. मला क्षमा कर, बाळा.

तुझीच,
आई