खऱ्या मशीनचा रंग

१२ नोव्हेंबर
कापूस एक रुपया क्विंटल!
हा भाव आज मी जिल्हाभरच्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पाठवला. सरावाच्या सर्व्हरवर करून बघायचा मेसेज खऱ्या सर्व्हरवरून गेला. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन खिडक्या शेजारी-शेजारी, दोन्ही काळ्या. आज्ञेच्या आधी येणारी ती ओळ, प्रॉम्प्ट, तीही दोन्हीकडे सारखीच करडी. चुकीच्या खिडकीत एंटर दाबलं.
फोन थांबेनात. केळापूरचे किसनराव — "मॅडम, एक रुपयानं भेटून राह्यला का कापूस? मंग मी इकत नाही, घ्यालेच येतो. ट्रक आणू का ट्रॅक्टर?" हसू आलं, मागोमाग रडू.
धर्मपाल सर ओरडले नाहीत. तेच वाईट. "पुन्हा झालं तर भाव पाठवायचं काम रुपालीकडे देऊ." रुपाली समोरच बसली होती. नुकतीच कॉलेजातून आलेली.
हे काम मी सोडणार नाही.

१३ नोव्हेंबर
प्रॉम्प्टला रंग देता येतो! खरा सर्व्हर लाल, सरावाचा निळा. सेटिंगच्या फाइलमध्ये रंगाचा आकडा लिहायचा, त्याभोवती कंस. एक कंस विसरले — तर लांब आज्ञा लिहिली की ओळ वळून स्वतःवरच चढायची. संध्याकाळपर्यंत तेच. शेवटी सापडला!
लाल छान दिसतो. निळा मात्र काळ्यात बुडतो.

१५ नोव्हेंबर
फिकट निळा केला. तोही राखेसारखा. फोल्डरची नावं तर आपोआपच निळी येतात, ती वाचताच येत नाहीत. हे रंग ठरवणाऱ्यानं कधी स्वतः वाचून पाहिलं असेल का?

१८ नोव्हेंबर
निळा सोडला. सरावाला पोपटी. खऱ्याला गुलाबी पट्टी, वर पिवळी अक्षरं. मोठी. आता चुकून दाखवावं कुणी!
रुपाली मागून जाताना थांबली. "माय वं! मॅडम, डोये दुखून राह्यले पाहून. लग्नाचा मांडव टाकला का इथं?" सगळे हसले. मीही हसले, नुसत्या तोंडानं.
हिला माझी खुर्ची हवी आहे. — असं मनात आलं. मी अशी नव्हते.

२४ नोव्हेंबर
मॉनिटरच खराब आहे म्हटलं. रुपालीनं न कुरकुरता आपला दिला. तोही पिवळट! पांढरं पानसुद्धा चहा सांडल्यासारखं.
"हाही गेलाय," मी म्हणाले.
तिनं कीबोर्ड ओढला. मग काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं, तिथं बोट ठेवलं. "हे वाचा बरं."
"काही नाहीच आहे तिथं."
"मॅडम... निळ्यानं तुमचं नाव लिहेलं हाये."

२७ नोव्हेंबर
यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात जास्त.
"अहो, मी सेहेचाळीसची!"
"तो वय विचारून येत नाही, ताई." निळा असाच फिका पडत जातो म्हणे, हळूहळू, कळतही नाही. म्हणजे इतके दिवस मी स्क्रीन दुरुस्त करत होते!
ऑपरेशन करायचं. लगेच. सरांना सरळ सांगितलं. "परत आले की काम माझंच," मी म्हणाले.
"तोवर रुपाली पाहील. मग बघू."
मग बघू! तेवढंच घेऊन घरी आले.

४ डिसेंबर
झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी. ओळी वाकड्या येताहेत. येऊ देत.

५ डिसेंबर
पट्टी काढली. दवाखान्याच्या जिन्यात थांबून एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्यानं — मळकं आभाळ. उजव्यानं —
इतकं निळं होतं हे रोज? आणि मी खाली मान घालून निघून जात होते.

१९ डिसेंबर
आज ऑफिस. टर्मिनल उघडलं आणि ओरडलेच. गुलाबी! पोपटी! देवा, काय भयंकर! आणि माझ्या मागे रुपालीनं रोज यावरच काम केलं!
"बदलले का नाहीस गं?"
"सर म्हणे, आता तुह्यंच काम हाये, तुह्या मनासारखं करून घे. मी म्हटलं, काम मॅडमचंच हाये, त्या येतीन, मंग त्याच करतीन."
सरावाचा प्रॉम्प्ट निळा केला. त्यापुढं पहिल्यांदा लिहून पाहिलं — रुपाली. स्वच्छ वाचता आलं.