काळ्या टाकीचा कारभारी

३ जून, सकाळी.
निघालो एकदाचे. पुढे पिकअप, मागे आमचं चाकांवरचं घर, कॅम्पर. आयोवातलं खरं घर कुलूपबंद, किल्ली मुलीकडे, मार्नीकडे. अट ठरली आहे. ही सहल धड पार पडली तर माझी बायको अर्डिस घर विकायला हो म्हणणार आणि उरलेलं आयुष्य आम्ही दोघं रस्त्यावर, मोकळ्या हवेत काढणार. नाही पडली तर कॅम्पर विकायचा आणि मी पुन्हा हा विषय काढायचा नाही. माझ्याकडून प्रश्नच नाही. अडचण तिची. ती घरात रमणारी, नाजूक स्वभावाची.
तिला धास्ती एकाच गोष्टीची, कॅम्परच्या पोटातल्या टाक्यांची. सिंकचं नि अंघोळीचं पाणी जातं ती करडी टाकी. संडासातलं जातं ती काळी. मी जन्मभर कापणीयंत्रं दुरुस्त केली, तीही कोणी न शिकवता. म्हटलं, काळ्या टाकीचा कारभार माझा. तुला तिचं तोंड दिसणार नाही, हा माझा शब्द.
ती म्हणाली, बघू.

५ जून. नेब्रास्का.
मुक्कामाच्या कॅम्पमध्ये जागेवरच गटाराचं तोंड आहे. नळी जोडली आणि काळ्या टाकीचा कॉक सरळ उघडा सोडून दिला. आपोआप वाहत राहील. बघायला नको, वास नको. शेजारपाजारचे लोक मात्र कॉक बंद ठेवतात, टाकी भरायची वाट बघतात आणि मग एकदम सोडतात. का, ते त्यांनाच ठाऊक. लोकांना सुख बोचतं.
अर्डिसने विचारलं, पाणी आधी वाहून जाईल आणि बाकीचं मागे बसून राहील, असं नाही का होणार? तिला म्हटलं, अगं, हे यंत्राचं काम आहे. ती म्हणाली, बरं. आणि परत विणायला लागली.

९ जून.
अजून तिथेच. झोपाळ्यावर पडून होतो. टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
कॅम्परचा संडास थोडा अरुंद आहे. बसलं की गुडघे दाराला आणि कोपर भिंतीला. पण माणसाला जागा लागते तरी किती? घरचं बाथरूम मी स्वतः बांधलं. निळ्या फरश्या, बसल्या जागी खिडकीतून अक्रोडाचं झाड दिसतं. हे उगाच लिहिलं. त्याचा इथे काही संबंध नाही.

११ जून. वायोमिंग.
कॉक बंद करून, नळी गुंडाळून निघालो. वाटेत काट्याकडे पाहिलं. काळी टाकी: भरलेली. शक्यच नाही. आठवडाभर कॉक उघडा होता. काटा बिघडला. या काट्यांवर कोणीच विश्वास ठेवत नाही.

१२ जून.
अर्डिस म्हणाली, कसला तरी वास येतोय. मी म्हटलं, शेतात खत टाकलं असेल. ती म्हणाली, कुठलं शेत? खिडकीबाहेर पाहिलं. क्षितिजापर्यंत नुसता माळ. एक हरीण उभं होतं. मी म्हटलं, मग हरीण असेल.
नवा नियम केला: कॅम्परचा संडास तूर्त बंद. पेट्रोलपंपावर जायचं. पाण्याची बचत. अर्डिस म्हणाली, मला चालेल, रात्री सारखा उठतोस तो तू. खोटं नाही. पण निश्चयापुढे काय आहे!
दुपारी एक पंप बंद निघाला. त्याबद्दल लिहीत नाही.

१४ जून, रविवार.
गावाबाहेर एक जागा सापडली. लोक आपापले कॅम्पर आणि बोटी तिथे पत्र्याखाली भाड्याने ठेवतात. कोपऱ्यात टाक्या रिकाम्या करायचं ठिकाण. उतरता काँक्रीटचा ओटा, मध्ये झाकणाचं भोक, बाजूला पाण्याचा नळ. मालकीण डोरीन, गोल्फच्या गाडीतून फिरते, शेजारी कुत्रं. म्हणाली, वाटसरूंनाही वापरू देते, नियम एकच, जागा धुऊन जायची.
रविवारी सगळे सहलीवरून परततात, त्यामुळे रांग. रांगेतले लोक घडीच्या खुर्च्या काढून बसतात आणि पुढच्याचं काम बघतात. तिथली करमणूकच ती.
माझा नंबर आला. सफाईने नळी लावली. कॉक ओढला.
काही नाही. पावशेर पाणी आलं आणि थांबलं.
एवढे लोक बघतायत, काहीतरी वाहिलं पाहिजे, म्हणून करडी सोडून दिली. चांगली धो धो वाहिली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून व्हर्जिल नावाचा एक म्हातारा ओरडला, अरे बाबा, करडी आधी सोडलीस? आता काळीनंतर नळी कशाने धुणार, डोळ्यांतल्या पाण्याने?
मी हसून सोडलं. पण तो उठून आला. विचारलं, कॅम्पमध्ये कॉक उघडा तर ठेवला नव्हतास ना? मी म्हटलं, छे. अर्डिस पायरीवरून म्हणाली, ठेवला होता की, सगळे दिवस.
व्हर्जिलने टोपी काढून छातीशी धरली. मग तो म्हणाला, बाई, आत डोंगर झालाय.
बाई म्हणाला. मला काही म्हणाला नाही.
मग सगळी रांग सल्ले द्यायला धावली. कोणी म्हणे साबण, कोणी म्हणे गरम पाणी, कोणी म्हणे कॅम्पर पेटवून विम्याचा अर्ज कर. व्हर्जिलचा उपाय: टाकीत बर्फ भरायचा आणि वळणावळणाच्या रस्त्याने गाडी हाकायची. बर्फ आतून घासतो. हा उपाय शास्त्रीय वाटला.

१५ जून.
बर्फाच्या पिशव्या आणल्या. अर्डिस खूश झाली, म्हणाली, वा, लिंबूसरबत करू. तिच्या देखत सगळा बर्फ संडासात ओतावा लागला. तिने सरबताचे पेले परत कपाटात ठेवले.
दिवसभर डोंगरातल्या वळणांवर गाडी फिरवली. आत खडखड आवाज, ऐकून समाधान वाटत होतं. घाट संपला तेव्हा गाडी लागून अर्डिसचा चेहरा हिरवा आणि बर्फाचं पाणी. कॉक जरा उघडून पाहिला. डोंगर जागच्या जागी. फक्त गार.

१६ जून.
अर्डिस म्हणाली, एल्डन, बटाट्याचं कॅसरोल करपलं की मी भांड्याचं काय करते? मी म्हटलं, मला काय माहीत? ती म्हणाली, तेच तर. पाणी घालून ठेवते आणि त्याच्याकडे बघत बसत नाही. कॉक बंद कर, टाकी काठोकाठ भर, दोन दिवस विसरून जा.
मीही त्याच विचाराकडे येत होतो. आज ना उद्या पोहोचलो असतो. नोंद असावी म्हणून लिहितो.

१८ जून.
पुन्हा डोरीनकडे. गोल्फच्या गाडीतूनच ओरडली, काय हो, डोंगर हलला का? तिच्या कुत्र्यालाही माहीत असावं. व्हर्जिल तिथेच. म्हणाला, इथून जातच होतो. खुर्ची मात्र मांडलेली. रविवार नसूनही रांग जमलेली.
नळी मीच लावली. अर्डिस म्हणाली, कडी पूर्ण फिरव. मी म्हटलं, फिरवली. ती म्हणाली, टक असं वाजलं नाही. मी म्हटलं, यंत्राचे आवाज मला नको शिकवू.
कॉक ओढला. डोंगर हलला. नळीही हलली.
पुढचं सगळं लिहायची गरज नाही. बूट टाकले. टोपी टाकली. कुत्रं पत्र्याखाली पळालं ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही.
मी डोळे मिटून उभा. अर्डिस खाली उतरली, तिने कॉक बंद केला, हातमोजे चढवले, नळी बसवली. टक. मग कॉक उघडला. काळी गेली, मग करडी सोडून नळी धुतली, मग ओटा धुतला, मग डोरीनने नळाची धार माझ्याकडे वळवली. रांगेने टाळ्या वाजवल्या. मी वाकून मान तुकवली. नंतर लक्षात आलं, टाळ्या माझ्या पलीकडे, अर्डिसकडे बघून वाजवत होते.
आणि अर्डिस पायरीवर बसली आणि हसायला लागली. थांबेचना. लग्नातसुद्धा एवढी हसली नव्हती.

१९ जून.
संपलं. शब्द मोडला, तिने टाकीचं तोंडच काय, पोटही पाहिलं. आता नाहीच म्हणणार. मनाची तयारी केली आहे. तिच्यासाठी मी माघार घ्यायला तयार आहे. कॅम्पर विकू, घरी जाऊ. अक्रोडाला आता भरगच्च पानं असतील. तिचं मन मोडायचं नाही, एवढंच.
संध्याकाळी अर्डिस मार्नीशी फोनवर बोलत होती. कान नव्हते लावले, पण कॅम्पर लहान आहे. म्हणाली, अगं, माझी भीतीच मेली, आणि इतकी माणसं भेटली, व्हर्जिलची बायको मला ओरेगनला बोलावतेय. म्हणाली, बाबाने टाकीला हात लावायचा नाही एवढी अट घातली की झालं. म्हणाली, घर विकायला काढ.
म्हणजे जिंकलो. माझ्याच योजनेप्रमाणे सगळं झालं. झोप लागत नाहीये. इथल्या उंचीमुळे असणार.

६ जुलै. घरी.
सामान आवरायला आलोय. अंगणात 'विकणे आहे'ची पाटी. मार्नी म्हणाली, बाबा, तुझं स्वप्न पुरं झालं, चेहरा असा का? मी म्हटलं, प्रवासाचा शीण.
आत्ता निळ्या फरश्यांवर पाय ठेवून बसलोय. गुडघ्यांपुढे हातभर जागा. वही मांडीवर. झाडावर खार आहे. काम केव्हाच झालंय, पण घाई कशाला.
अर्डिस दार वाजवतेय. म्हणतेय, एल्डन, घर बघायला मंडळी आली आहेत. बाकीचं सगळं बघून झालं त्यांचं. आता एवढी एकच खोली राहिली आहे.