फ्यूज उडाल्यानंतरची उपासना

तीर्थस्वरूप मामांना,

प्रभूच्या नावात सलाम. मामींची कंबर, तुमची साखर आणि तुमच्या चर्चच्या मंडळीतली भांडणं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आई बरी आहे. माझ्याकडे बघून सुस्कारे सोडण्याइतकी ताकद तिच्यात रोज असते. मी कॉलेज सोडल्याबद्दल तुम्ही पाठवलेला उपदेश पोचला. (वाचला. मला वायरमनचं काम आवडतं. विषय संपला.)

तर इथल्या चर्चच्या कमिटीच्या एकदम लक्षात आलं की तरुण येईनासे झालेत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी निदान केलं, पोरांना झगमगाट लागतो. मग रंगीत दिवे आले, धूर सोडणारं यंत्र आलं, कपाटाएवढे स्पीकर आले आणि वायरिंगला फुकटात मी आलो. मी का आलो, तर ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची मुलगी. तिला गायनमंडळात बघितल्यापासून आमटीत मीठ आहे की नाही हेही मला कळेनासं झालं होतं. (तुम्ही पाळक आहात, समजून घ्याल. नाही घेतलंत तरी माझी हरकत नाही.)

एवढा लोड जुन्या लाइनवर टाकू नका, असं मी बजावलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "तू विश्वास ठेव रे." मी ठेवला, लाइनने नाही ठेवला. शनिवारी संध्याकाळी सगळं एकदम सुरू केलं आणि फट्‌कन हॉल काळाठिक्कर. धूर तेवढा भरपूर. आधी सगळे खोकले, मग हसले. फ्यूज बांधणं माझ्या हातचा मळ आहे, पण तेवढ्यात ऑर्गनवाल्या बाईंच्या मुलीचा आवाज आला, "कोणी दिसत नाहीये म्हणून विचारते. मी प्रार्थना करते ती कोणी ऐकतं, की मी भिंतीशी बोलते?"

मी पक्कड खिशात ठेवली.

मग पंक्चर काढणारा आमचा 'ब्रेक' बोलला (नाव ब्रेक, पण एरवी बोलायला लागला की थांबत नाही). म्हणाला, वडील गेले तेव्हा सगळे 'देवाची इच्छा' म्हणाले, आणि मला त्या इच्छेचाच राग आलाय. एवढंच बोलून थांबला. अध्यक्षांनी घसा साफ केला, "यावर आपण एक परिसंवाद ठेवू." तिने सांगितलं, "नको काका. नुसते बसा." आणि मामा, ते बसले. जरा वेळाने अंधारातून म्हणाले, "मलाही कधीकधी..." पुढचं त्यांनी गिळलं, पण आम्हाला पोचलं.

पुढच्या शनिवारपासून पोरं आपणहून, दिवे न लावता जमू लागली. एवढं झाल्यावर कमिटीने काय करावं? ठराव केला की तरुणांना अंधार आवडतो. काळे पडदे मागवले, अंधार उपसमिती नेमली आणि प्रश्न आधी कळवावेत अशी सूचना लावली. मी सभेत उठून सौम्य शब्दांत मत मांडलं. (फुलदाणी तशीही तडकलेलीच होती.) शेवटी ठरलं की पडदे नाहीत, सूचना नाही, पण रीतसर दीक्षा झालेला पाळक हजर असेल तरच हॉल उघडायचा. आमचे पाद्रीसाहेब शनिवारी दुसऱ्या मंडळीत असतात, हे कमिटीला चांगलं ठाऊक आहे.

मामींना सलाम.

तुमचा भाचा
(आईच्या भाषेत 'अर्धवट')

ता. क. येत्या शनिवारी तुम्ही या. नाहीतर हॉलला कुलूप लागेल आणि ही पोरं पुन्हा तोंड उघडणार नाहीत. उपदेश घरी ठेवून या. उत्तरं आली नाहीत तरी चालेल, गप्प बसता यायला हवं.

ता. क. पुन्हा. पोरीसाठी चाललंय सगळं, असं आई सांगेल. ती पोरगी तर नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी गेली. जाताना म्हणाली, तू मुलगा चांगला आहेस, पण फार ओरडतोस. तरी मी शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो. का बसतो, ते मला तुम्हाला विचारायचंय. अंधारात विचारेन. आवाज ओळखलात तरी ओळख दाखवू नका.