ट्वीटरवरचं फडकं

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२५

प्रिय सोमनाथ,

जय भीम. तुझा राम राम पोहोचला असं धरून चालतो.

अक्षर ओळखलंस ना? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ते वाचून तू पाकीट न फोडताच मोसंबीच्या आळ्यात टाकलं असतंस. सारजावहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांचे गुडघे दुखतात हे आमच्या दीपमालाच्या वडिलांकडून कळलं. दीपमाला म्हणजे माझी सून. तिचे वडील पाचोडच्या बाजारात तुला अधूनमधून भेटतात म्हणे. ते सांगत होते, सोमनाथराव झाडांना पाणीसुद्धा मीटर लावून देतात. मी म्हणालो, त्यात नवल कसलं, हा माणूस चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यासमोर धरून बघायचा.

तू म्हणशील, आजकाल पत्र कोण लिहितं, फोन करायचा. तुझा नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर आपण पहिल्याच मिनिटाला भांडलो असतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा मोठा फायदा.

दुकान अजून तिथंच आहे. पाटीही तीच, पुंडलिक-सोमनाथ साऊंड. मागे रंग उडाला म्हणून रंगाऱ्याला बोलावलं, तर तो विचारतो, दुसरं नाव ठेवायचं का? मी म्हणालो, तुला रंगवायला बोलावलंय, विचार करायला नाही. काम मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. पोरं बाहेरून तयार स्पीकरचे बॉक्स आणतात, त्यात रंगीत दिवे लागतात, आवाज कसा का असेना. बिघडले की मग माझ्याकडे येतात. मी शिव्या देत देत दुरुस्त करतो.

परवा एक जुना बोर्ड सोल्डरनं डागत होतो. राळेचा धूर नाकात गेला आणि एकदम पॉलिटेक्निकमधून सुटल्यानंतरचे दिवस आठवले. भंगारातला तो ऑसिलोस्कोप आपण सायकलवर आणला होता. मी चालवत होतो आणि तू मागे त्याला तान्ह्या लेकरासारखं धरून बसला होतास. एक खड्डा चुकला नाही, तर भर रस्त्यात माझ्या सात पिढ्या काढल्यास. त्याच्या काचेवरच्या त्या हिरव्या रेषेवर काय जीव होता तुझा! रेष सरळ तर आवाज सरळ, असं म्हणायचास. मी म्हणायचो, रेष काय कानानं ऐकायची असते का? रोज तेच भांडण आणि रोज एकाच डब्यातली भाकरी.

आठवतं का, कुठलाही बॉक्स दुकानाबाहेर जायच्या आधी तू त्यात तुझी शिट्टी सोडायचास. खालच्या घुमघुमीपासून वर चढत चढत पार कान किटेपर्यंत. समोर माइक ठेवायचास आणि आलेखाच्या कागदावर टिंबं देत बसायचास. मग माझी पाळी. मी मागच्या खोलीत केसरला हाक मारायचो. ती हात पुसत यायची, माइकसमोर उभी राहून जयंतीच्या गाण्यातली एक ओळ म्हणायची, आणि मी डोळे मिटून सांगायचो, हा जाऊ दे, हा थांबव. गिऱ्हाईक तुझ्या कागदावर विश्वास ठेवायचं आणि माझ्या कानावरही. दोन्ही जुळले की आपल्या बॉक्सला कुणी नाव ठेवत नव्हतं.

केसरला आपण पहिल्यांदा ऐकलं तेही आपल्याच ॲम्प्लिफायरवर. चौदा एप्रिलचा कार्यक्रम, समोर एवढी गर्दी, आणि ही काटकुळी पोरगी माइक धरून उभी. तिच्या आवाजाला एक धार होती. तू कानाशी लागून म्हणालास, "हिचा आवाज माइकला नाय झेपायचा." मी म्हणालो, "मला झेपंल." पुढच्या वर्षी लग्न झालं. तू वऱ्हाडात कमी आणि लाऊडस्पीकरच्या वायरीत जास्त होतास.

आता तो पडदा. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण ते वगळून पुढं जाताच येत नाही.

एका हॉलसाठी आपण दोन ॲम्प्लिफायर केले होते. तुझ्या मोजमापात दोन्ही सारखे. मी म्हणत होतो, ज्याचा ट्रान्सफॉर्मर मी हातानं गुंडाळलाय तो गोड वाजतो. तू केसरचं जुनं लुगडं दुकानात आडवं बांधलंस, त्याच्या मागे जाऊन बसलास आणि गिऱ्हाइकांसमोर मला विचारत राहिलास. "आता पहिला." "आता दुसरा." मी सांगत गेलो, पहिला कोरडा आहे, दुसऱ्यात ओलावा आहे. बसलेले सगळे माना डोलवत होते. मग तू लुगडं बाजूला केलंस. सगळा वेळ एकच ॲम्प्लिफायर वाजत होता. दुसऱ्याची पिन फरशीवर पडलेली. सगळे हसले. ज्यांनी माना डोलवल्या होत्या तेच जास्त हसले.

सोमनाथ, मी खोटं बोललो नव्हतो. मला तो ओलावा ऐकू आला होता. आजही विचारलंस तर हेच सांगेन. तू म्हणालास, "पुंड्या, तुझा कान नाय ऐकत, तुझं मन ऐकतंय." मी म्हणालो, "मग जा, त्या मीटरसंगंच संसार कर." तू ऑसिलोस्कोप उचलून गेलास, आणि वडिलांची जमीन बघायला म्हणून पाचोडलाच राहिलास. दोघांचंही बोलून झालं होतं. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, आणि तुझ्याकडूनही नको.

आता इकडची बातमी सांगतो. मी आमच्या विहारासाठी एक मोठा बॉक्स केला. लाकूड उत्तम, खालच्या घुमघुमीसाठी वूफर दणकट, वर बारीक आवाजासाठी ट्वीटर. तो ट्वीटर मला दबका वाटायला लागला, म्हणून त्याला लगाम घालणारा रेझिस्टन्स काढून टाकला. तरी दबकाच. मग ॲम्प्लिफायरवरचा बारीक आवाजाचा ट्रेबल पूर्ण चढवला आणि त्याचं बटणच उपटून खिशात टाकलं. तुला माझी सवय ठाऊक आहे, एकदा मी आवाज बसवला की त्याला कुणी हात लावायचा नाही.

बुद्धपौर्णिमेला तो पहिल्यांदा लागला. केसरनं वंदना घेतली. मी मागे भिंतीशी उभा होतो. काय सांगू तुला, तिचं एकेक अक्षर सुटं सुटं येऊन कानात पडत होतं. पुढच्या रांगेतल्या बायका एकेक करून पदर कानावर ओढून घेत होत्या. वैशाखातला उकाडा, पंख्याखालीही घाम, आणि पदर मात्र कानावर घट्ट. मला वाटलं, काय आदरानं ऐकतायत! छाती फुगली माझी.

मागच्या आठवड्यात धूळ झटकायला म्हणून बॉक्सची जाळी काढली, तर आत ट्वीटरवर फडकं. नीट चौघडी घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवलेलं. ते दीपमालाच्या जुन्या ओढणीचं होतं, मी लगेच ओळखलं. घरी येऊन तिला विचारलं तर पोरगी रडकुंडीला आली.

"मामा, लई टोचायचं हो कानाला. सुई घातल्यावाणी. बायका म्हणायच्या, पण तुमाला कोण सांगणार?"

"मला येऊन सांगायचं ना!"

"आत्याबाईच म्हणल्या, फडकं लाव, पण त्यांना कळू देऊ नको."

मी केसरकडे वळलो. ती भाजी निवडत होती, तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "तुमच्या कानावर ह्या घरात चूल पेटली. त्याच कानाला मी नावं ठेवू व्हय?"

मी त्या दिवशी जेवलो नाही. रागानं नाही, लाजेनं. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एका लहान खोलीत बसवलं. भिंतींना गाद्या, कानावर हेडफोन, हातात एक बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. सोमनाथ, अगदी तुझीच शिट्टी रे! खालून वर चढत जाणारी. जन्मभर तू ती बॉक्समध्ये सोडलीस, आता बॉक्सच्या जागी मी बसलो होतो. सुरुवातीला भराभर बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. बाहेर आल्यावर मी डॉक्टरबाईंना सांगितलं, तुमचं मशीन मधेमधे बंद पडतंय, कुठंतरी डाग सुटला असेल, मी बघून देतो. त्या माझ्या नातीएवढ्या. हळूच म्हणाल्या, "काका, मशीन चालू होतं."

मग त्यांनी कागद दिला. तुझ्या कागदासारखाच आलेख. डावीकडे, घुमघुमीच्या बाजूला, बरा चाललेला, आणि उजवीकडे गेला की धाडकन खाली. बारीक आवाज जवळजवळ गेलेत. स, श, फ असली अक्षरं त्या बाजूला राहतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरी आल्यावर तो कागद मी पालथा, वरचं खाली करून उजेडासमोर धरला. रेष उजवीकडे चढत चढत वर गेली. तो माझा विहारातला बॉक्स होता. माझ्या कानात जे कमी होतं, तेवढं मी त्यात भरत गेलो, आणि समजत होतो की बॉक्स दुरुस्त करतोय. मागच्या दोन-चार वर्षांत किती जणांना असे बॉक्स करून दिले असतील, कुणास ठाऊक. माझ्या वयाचा मान ठेवून सगळे गप्प बसले.

आता फोनचंही सांगून टाकतो. भांडणाचं मी उगाच लिहिलं. फोनवर मला समोरच्याचं बोलणं लागत नाही. तुझा आवाज ओळखू आला असता, पण तू काय म्हणतोस ते कळलं नसतं. मी नुसताच हं हं करत बसलो असतो, आणि तुला वाटलं असतं की म्हातारा अजून फुगलेलाच आहे.

कानाचं यंत्र घेणार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरबाईंनी थोडा वेळ लावून दाखवलं. खुर्ची सरकली तरी पत्रा फाटल्यासारखं झालं. सवय होईल म्हणतात. होईलही. पण तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

येत्या दहा जुलैला आषाढ पौर्णिमा आहे. विहारात वर्षावास सुरू होईल. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि पहिलं वाचन केसरचं. फडकं ठेवलं तर तिचा आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, काढलं तर बायकांच्या कानात सुया. मला तो बॉक्स बसवता येत नाही. किती काढू, किती ठेवू, हे सांगणारा कानच राहिला नाही. इथं दुसऱ्या कुणाला बोलवावं तर तो म्हणेल, "काका, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार." माझ्या तोंडावर चूक म्हणणारा या जिल्ह्यात एकच माणूस होता, त्याला मी हाकलून दिलं.

तेव्हा तू ये. माइक आण, शिट्टी आण, आलेखाचे कागद आण. तुझी रेष सरळ येईपर्यंत बदल. मी काही म्हणणार नाही. म्हणालो तरी ऐकू नकोस.

एक गोष्ट अजून लिहायची राहिली. ती केसरला माहीत नाही, आणि तू तिला सांगू नकोस. घरात ती बोलते ते मला अर्धं कळतं. उरलेलं मी तिच्या तोंडाकडे बघून जुळवतो आणि मान हलवतो. तिचा आवाज गेली काही वर्षं मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो. मला वाटायचं, वयानं तिचाच आवाज बसला. पण बुद्धपौर्णिमेला त्या बॉक्समधून तिचा आवाज आला, तो त्या काटकुळ्या पोरीचा, धारेसकट. सगळ्या विहारात तो बॉक्स फक्त एकाच माणसासाठी बरोबर वाजत होता. तू तो सरळ केलास की समोरच्या सगळ्यांना केसर नीट ऐकू येईल, आणि मला येणार नाही. हे मला पक्कं समजलंय. रडू आलं रे त्या कागदावर. तरी ये.

फक्त एक कर. काही बदलायच्या आधी त्या रिकाम्या विहारात तिला एक पान वाचू दे. फडकं मी काढून ठेवीन. तू पाहिजे तर कानात बोटं घाल, पण मधे बोलू नकोस. पान संपलं की मी तुझ्याकडे बघेन. मग लाव तुझा रेझिस्टन्स.

तुझी वाट बघणारा,
तुझा पुंड्या