एक-दोन, दोन-एक

१९ जानेवारी १९९४

आज पुन्हा खोटं बोललो! शेजारच्या पाठशाळेतल्या मुकुलने विचारलं, "आजोबा, रेल्वेच्या टीममध्ये आपण कुठे खेळायचात?" मी म्हणालो, हाफ-बॅक. निघून गेलं तोंडातून. आता परत कसं घेणार?

वहीत तरी खरं लिहितो. मी चौथी पास. एकतीस वर्षं रेल्वेच्या मैदानावर चुन्याने रेघा ओढल्या. मॅच सुरू झाली की बादली घेऊन कडेला बसायचं. बॉल बाहेर आला तर हाताने परत द्यायचा. पाय लावायची परवानगी नव्हती. पण बघितलं सगळं — कोण देतो, कोण देत नाही.

पाठशाळेच्या बिंदुमाधव गुरुजींनी मुलांना खेळायची परवानगी दिली आहे, ती फक्त अनध्यायाला, म्हणजे ज्या तिथीला वेद म्हणायचा नसतो तेव्हा. अंगण एवढंसं. इकडे चार, तिकडे चार, बस्स. बॉल रबरी; चामडं गुरुजी आत येऊ देत नाहीत. उंच मारला की भिंतीवरून थेट पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, खाली गंगा. मी नियम केला, ज्याने उडवला त्यानेच आणायचा. निमिष दोनदा धापा टाकत वर आला. तिसऱ्यांदा त्याचा बॉल जमिनीवरून गेला!

२१ जानेवारी

छातीत धडधड. पद्मा म्हणाली, "मामंजी, फुटबॉल मुलं खेळतात आणि धाप तुम्हाला?" सून बरोबर बोलते, हाच तिचा दोष.

२७ जानेवारी

पौर्णिमा. खेळ झाला. निमिषला बॉल मिळाला की तो कुणाला देतच नाही. "दे की रे!" — "देतो, आजोबा, आधी पाच जणांना चुकवतो." समोर चारच! पाचवा मुकुल, याच्याच बाजूचा!

मग तिघांना गोल उभं केलं, मधे एक चोर. चोराने बॉल पकडला की ज्याने घालवला तो मधे. तरी गोंधळच. कुणाला द्यायचा हे बॉल आल्यावर शोधतात!

वेदातलं मला काही कळत नाही. पण मंगला गौरीच्या देवळापाशी जन्म गेला, भिंतीपलीकडून रोज ऐकतो. पोरं दोन शब्द धरतात, उलटे म्हणतात, पुन्हा सुलटे; जटा म्हणतात त्याला. मग पुढचा शब्द. एक-दोन, दोन-एक, एक-दोन. दोन-तीन, तीन-दोन, दोन-तीन. म्हटलं, जे तोंडाला येतं ते पायाला का येऊ नये? निमिष एक, मुकुल दोन. दे, पळ, परत घे, पुन्हा दे. तोवर तिसरा मोकळा झालेला असतो. मोठ्याने आकडे म्हणत खेळायचं!

अर्ध्या तासात चोर रडकुंडीला आला.

२८ जानेवारी

आज प्रतिपदा. निमिषच्या समोर गोल उघडा. चिटपाखरू नाही. आणि याने बॉल मागे दिला!

"अरे, मार ना!"

"आजोबा, जटा अधुरी राहिली असती. मधेच सोडलं तर दोष लागतो."

मी कपाळाला हात लावला. तो खरंच आत जाऊन विचारून आला. आतून गुरुजींचा आवाज — "पायाने केलेल्याला दोष नाही! आणि त्या तुमच्या यज्ञेश्वर आजोबाला सांग, मला झोपू दे!"

३ फेब्रुवारी

मेलो. बँक कॉलनीच्या मुलांशी मॅच ठरली, दहा तारखेला. अनध्याय बघून मीच ठरवली. आणि रेफरी कोण? रत्नाकर! मोगलसरायचा रत्नाकर, आमच्या रेल्वेचा खरा हाफ-बॅक. "चुनेवाले, रेघ वाकडी आहे!" असं ओरडायचा माझ्यावर. मुलं त्याला विचारणारच. मग उद्यापासून मला कोण विचारणार? पुन्हा खिडकीत बसायचं, पद्माची भाजी निवडायची.

५ फेब्रुवारी

ताप आणायचा प्रयत्न. थंड पाण्याने दोनदा आंघोळ केली. उलट भूक वाढली.

७ फेब्रुवारी

माकडटोपी घालून आरशात बघितलं. मुकुल मागून म्हणाला, "आजोबा, ठंड लग रही है क्या?" म्हणजे ओळखू येतो.

९ फेब्रुवारी

गुरुजींनी बोलावलं. "उद्या मौनी अमावस्या, पंचांग बघितलंस का? मुलं दिवसभर मौन पाळतील. खेळायचं तर खेळू दे, तोंडातून शब्द निघता कामा नये."

तिथी बघितली, तिचं नाव नाही बघितलं! आकडे न बोलता खेळणार कसे? मग डोक्यात आलं — मौन म्हणजे रत्नाकरला कुणी काही विचारूच शकत नाही! येताना जिलबी घेतली.

१० फेब्रुवारी

पहिला गोल त्यांनी केला. आमची पोरं मुकी, गोंधळलेली. मग मुकुलने मान वर केली आणि निमिषकडे बघितलं. नुसतं बघितलं. एक-दोन, दोन-एक... बॉल यायच्या आधीच एकमेकांकडे बघायला लागली! पंधरा दिवस ओरडून जे आलं नाही ते गप्प बसून आलं. बँकवाले ओरडतायत, "पकड़ो, पकड़ो!" आणि बॉल काही सापडत नाही. दोन-एक. जिंकलो!

मॅच संपल्यावर बँकेचा कुणीतरी रत्नाकरला म्हणाला, "ये भी तो रेलवे के हाफ-बैक थे न?" मुलं भोवती उभी, मुकी, डोळे एवढाले. रत्नाकरने माझ्याकडे बघितलं. मग दात काढून म्हणाला, "थे? अरे, पचास गज से गोल मारा था इन्होंने!" आणि डोळा मारून सायकलवर बसला.

वाचवलं की बुडवलं? उद्या मुलं बोलायला लागतील.

११ फेब्रुवारी

सकाळीच बॉल माझ्या पायापुढे. "आजोबा, दाखवा ना तो पन्नास गजांचा!"

सांगून टाकलं. चुना, बादली, सगळं. कुणी बोलेना. वाटलं, मौन अजून सुटलं नाही.

मग निमिष म्हणाला, "म्हणजे आपण कधीच नाही खेळलात? एकदाही?"

"नाही."

"तो फिर बीच में आइए."

धोतर खोचलं. बारा मिनिटं चोर होतो. वय एकाहत्तर. बॉलला एकदाही पाय लागू दिला नाही हरामखोरांनी — काय शिकवलंय मी!