अक्काच्या नोंदीचा स्रोत

नांदेड,
५ मे २०१६

ती. अण्णास शिवकांताचा शरणार्थ.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस, म्हणून पत्र. इकडं आम्ही बरे आहोत. विष्णुपुरीच्या धरणात तळाचा गाळ उघडा पडलाय. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, ते नळालाच माहीत. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागतंय, तिथं आपण काय बोलावं! तुमच्याकडं अहमदपुरात टँकरवर हाणामारी झाली, असं तुझा बसवराज सांगत होता. वहिनींना त्या रांगेत उभं करू नकोस, त्यांचे गुडघे आधीच गेलेत.

तू सांगितलेलं वंशावळीचं काम संपत आलंय. अप्पांच्या पुण्यस्मरणाला भावकीत पुस्तिका वाटायची, तर ती नीटच व्हायला हवी. माझी सगळी नोकरी लायब्ररीत गेली, त्यामुळे अर्धवट नोंद दिसली की मला घास गोड लागत नाही. बसवराजनं कॉम्प्युटरमध्ये जे सॉफ्टवेअर घालून दिलं, त्यात प्रत्येक गोष्टीपुढं स्रोताचा रकाना आहे. जन्म लिहिला, तर तो तुम्हाला कुठून कळला तेही लिहा.

आधी गावाच्या रकान्यानंच घाम काढला. आपलं घर काही जागचं हललं नाही. पण जिल्हे बदलत गेले. तू जन्मलास बीदर जिल्ह्यात, अक्का आणि मी उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि बसवराज नव्या कोऱ्या लातूर जिल्ह्यात. तेवढं एकदाचं लावून टाकलं.

मग स्रोत घेतले. तिथं घाण माझीच होती. एका ठिकाणी "आत्या", दुसरीकडं "नागम्मा", तिसरीकडं "आत्या, फोनवर". माणूस एकच, आणि कॉम्प्युटर मोजतोय तीन. म्हणून मी नियम केला. कुणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि ऐकलं असेल तर कुणाकडून. हा शेवटचा रकाना मी पदरचा घातला, आणि सगळ्यांना पुन्हा फोन लावले. नागम्मा आत्या वैतागली. म्हणाली, "का गं पोरी, मेलेल्यायच्या जबान्या घेऊन राहिलीस का?"

अक्काच्या मृत्यूच्या नोंदीला मी बरेच दिवस हात लावला नव्हता. तिथं स्रोत भरपूर होते आणि सगळे एकच सांगत होते. लातूर जिल्हा झाल्यावरच्या दुष्काळाचं साल, उदगीरचं सासर, कावीळ. आत्या, काका, अक्काची मैत्रीण महानंदा, शेजारचे व्यंकटराव. नव्या रकान्यात प्रत्येकापुढं, त्याला कुणी सांगितलं ते भरत गेले. आत्याला अण्णानं. काकांना अण्णानं. महानंदाला आपल्या अव्वानं, आणि अव्वाला अण्णानं. मलाही तूच. मी तेव्हा इथं वसतिगृहात होते. पोचले तर माती झालेली होती, आणि तू मला उंबऱ्यातच सांगितलंस, "कावीळ झाली गं." एवढे सगळे स्रोत नव्हतेच, अण्णा. तू एकटाच होतास.

तरीही मला संशय आला नाही. स्वतः पाहिलेला आणखी एक माणूस हवा, एवढ्याचसाठी मागच्या सोमवारी मी उदगीरला गेले. चन्नय्या स्वामींनी अक्काला समाधी दिली होती. आता त्यांना दिसत नाही, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, "स्वामी, अक्काला तुमीच बसवलंत ना?"

ते म्हणाले, "बसवता आलं न्हाई, माय. आंग लई जळालं व्हतं, गुडघं वळनात. निजवूनच ठिवलं. लिंग हातात द्यावं तर मूठ उघडंना, म्हनून छातीवर ठिवलं. तुजा भाऊ पाया पडला, कुनाला बोलू नगा म्हनला."

आपल्या लिंगायतांत लहान लेकराला सुद्धा बसवून माती देतात. आपल्या अक्काला आडवं घातलं, आणि त्यावर कावीळ लिहिली!

तू का गप्प बसलास, ते मला एसटीत अहमदपूर यायच्या आधीच कळलं. साटंलोटं होतं ना आपलं. अक्का त्यांच्या घरी दिलेली, त्यांची लेक आपल्या घरी आणलेली. तू फिर्याद दिली असतीस तर वहिनींचा भाऊ आणि आई तुरुंगात गेले असते, वहिनी माहेरी गेल्या असत्या, आणि बसवराज तर तेव्हा पाळण्यात होता. एक घर वाचवायला तू गप्प बसलास. हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही. हे वहिनींनी वाचलं तरी चालेल, त्यांच्यावर माझा राग नाही.

पण अव्वाचं काय करू? पोटची लेक गेली, आणि ती मरेपर्यंत म्हणत राहिली, "कावीळच ती. मला कळवलं असतं तर झाडपाला देऊन उठवली असती पोरीला." दारात कुणीही पिवळ्या डोळ्यांचा आला की ती त्याचा हात धरून औषधाला घेऊन जायची. तू समोर ओसरीवर बसलेला असायचास. तेव्हा तुझ्या तोंडून शब्द कसा फुटला नाही रे?

मी कोर्टकचेरी करणार नाही. दाजी गेले, त्यांची आईही गेली. मी कारणाच्या रकान्यात "भाजून" लिहिलंय. स्रोत चन्नय्या स्वामी, स्वतः पाहिलेलं. पुस्तिका छापली तर अशीच छापली जाईल, नाहीतर छापायची नाही. तुझं "कावीळ" मी पुसलं नाही. तेही खाली तुझ्या नावानं छापलं जाईल. तुला ते राहू द्यायचं की बदलायचं, हे तू ठरव.

आणि एक. निघताना स्वामी म्हणाले, जळाल्यावर अक्का रात्रभर शुद्धीत होती आणि जवळ तू एकटाच होतास. ती बोलत होती. काय बोलली, ते त्यांना माहीत नाही. तुझी सत्तरी जवळ आली. तू गेलास की तिचे ते शब्द कुणाजवळच राहणार नाहीत. तिनं कुणाचं नाव घेतलं, पाणी मागितलं, की मला बोलाव म्हणाली? जे असेल ते सांग. मला ऐकवणार नाही असं समजून लपवू नकोस. इकडं ये, नाहीतर मी येते.

तुझी उरलेली बहीण,
शिवकांता