ज्या दिवशी तू धवला गायली नाहीस

आये, तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असताना हे लिहिलं असतं, तरी तुझ्यासमोर बसून मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर धीर आलाय. शूर माणसं अशीच वेळ बघून लढतात.

लोक मला तिखट लिहिणारा म्हणतात. त्यांनी तुला दांडीच्या बाजारात ऐकलं नाही. भाव पाडून मागणाऱ्या बाईला तू म्हणायचीस, "बाय, या भावात मासा नाय मिलत, नुसता वास मिलतो. तो घेऊन जा." तुझी नक्कल करून मी पोट भरलं. पण मासे विकणं हा तुझा धंदा. मान होता तो धवल्यांचा, लग्नविधीच्या गाण्यांचा. दांडीपासून घिवलीपर्यंत तू धवला गायल्याशिवाय घरात लग्न उभं राहत नसे. भटजीला उशीर झाला तर चालायचं, धवलारीण हवीच.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी बोईसरच्या कारखान्यात लागलो आणि माझ्या पाळीतला एक मित्र रविवारी जेवायला येऊ लागला. लांबचा, हिंदी बोलणारा, मासे खायला नुकता शिकलेला. त्या दिवशी तू पाल्याचं कालवण केलेलं. पाला मासा म्हणजे चवीला राजा आणि काट्यांचं रान. मी आपल्याच तंद्रीत त्याच्या ताटातला तुकडा ओढून काटे काढतोय, आणि तू चुलीपाशी बसून बघतेयस. माझा जीव त्याच्यावर जडलाय, हे तोवर मी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. तो हात धुवायला बाहेर गेला, तशी तू म्हणालीस, "तुज्या बापानं येवढ्या वर्सांत माज्यासाठी येक काटा नाय काढला." मी हसलो. तू हसली नाहीस.

पुढच्याच आठवड्यात तू मला डोंगराकडच्या एका भगताकडे नेलंस. हे तुझ्या कौतुकात बसत नाही, पण वगळलं तर तूच तिथून ओरडशील. भगत म्हणाला, बाधा आहे, काढतो. मग पोरगा गप्प राहील, सांगाल तिथे लग्न करील. तू विचारलंस, "आनि हसंल काय?" त्याचं काही सांगता येत नाही, म्हणाला. तू देवाला आणलेली कोंबडी काखेत मारून उठलीस. रविवारी तिचा रस्सा आपण तिघांनी खाल्ला. बाबा तेव्हा होडीवर होते.

बाबा परत आले ते माझं लग्न ठरवूनच. मुलगी दातिवऱ्याची. साखरपुड्याला तिच्याकडची माणसं टेम्पो भरून आली. मुलीनं माझ्याकडे एकदाच बघितलं, बहुधा आशेनं. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसलेले.

"करा सुरू," मुलीचा मामा म्हणाला.

"गला धरलाय," तू म्हणालीस.

"अगो वयनी, काल बंदरावर भांडत व्हतीस ती दातिवऱ्याला ऐकाला आली!" मांडव हसला.

"भांडनाला देव लागत नाय. धवल्याला लागतो."

बाबा दात खाऊन म्हणाले, "गा." तू उठलीस. मला वाटलं, आता गाशील. तू मुलीजवळ गेलीस, तिच्या डोक्यावर हात ठेवलास. "आजवर ज्या पोरीसाठी गायली, तिच्या सुखासाठी गायली. या घरात हिला सुख नाय. पोर सोन्यासारकी हाय. खोट आमची हाय, आनि ती माजी हाय. हिला दुसरा घर बघा."

घिवलीची दुसरी धवलारीण तुझ्याच हाताखाली तयार झालेली. तिला गायला सांगितलं, तर तिनंही तोंडाला पदर लावला. टेम्पो आला तसा गेला. मग गावानं ठरवलं की तू वेडी आहेस, तुझ्यावर कोणी करणी केलीय, तुला सून नकोय. बाबा दोन महिने तुझ्याशी बोलले नाहीत. "घर जरा निवांत झाला," तू म्हणालीस. त्या मुलीचं वर्षभरात चांगल्या घरी लग्न झालं. तुला मात्र लग्नांना बोलावणं बंद झालं. मांडवातल्या भोंग्यावर सिनेमाची गाणी वाजायची आणि तू ओटीवर सुके बोंबील निवडताना नुसते ओठ हलवायचीस. ते मला दिसायचं. खरं कारण तू कोणाला सांगितलं नाहीस. मलाही नाही. खोटं कसं न बोलावं आणि खरं कुठे गिळावं, हे तुझ्याइतकं मला कधी साधलं नाही. तो रविवारचा मित्र अजून माझ्याकडे रविवारी जेवतो. बाकीचे सहा दिवसही.

हल्ली पालघरला आमच्यासारखी तरुण मुलं मला बोलायला बोलावतात. घरी लग्नाचा लकडा लागलेला, कोणी झोपेच्या गोळ्यांपर्यंत पोचलेला. त्यांना मी सांगतो, भर मांडवात मी उभा राहिलो आणि बापाला म्हणालो, हे लग्न मी करणार नाही. टाळ्या पडतात. दरवर्षी ते वाक्य थोडं आणखी घासूनपुसून घेतो. त्या भाषणात तू कोपऱ्यात बसून रडत असतेस.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं तेव्हा मी "चालेल" म्हणालो होतो, आये. नवा शर्ट घालून, मान खाली घालून बसलो होतो. तू गायली असतीस तर गळ्यात हारही घालून घेतला असता. येत्या रविवारी पुन्हा भाषण आहे. या खेपेला खरं सांगायचं, असं ठरवून काल एकट्यानं बोलून बघितलं. मांडवापर्यंत नीट पोचलो. मग मामा म्हणाला "करा सुरू", आणि मीच उठून उभा राहिलो.